दही आणि सोयाबीनच्या गाठी: जिवाणूंना रंग देऊन कसं ओळखायचं

जिवाणू पेशीचं चित्र पोट्टे मस्त काढतात, नावं पण पाठ असतात, पण ग्राम पॉझिटिव्ह आणि ग्राम निगेटिव्ह म्हणजे नेमकं काय ते एकदा डोळ्यानं पाहिल्याशिवाय डोक्यात बसत नाही. त्यासाठी लागणारे दोन्ही जिवाणू आपल्या घरात आणि वावरातच आहेत.

आधी सामान. १०० एक्सची ऑइल लेन्स असलेला मायक्रोस्कोप पाहिजे म्हणजे पाहिजेच, बायोलॉजीवाल्या कॉलेजात विचारा, कारण जिवाणू साधारण १-२ मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, शाळेतल्या ४० एक्सवर नुसते ठिपके दिसतात. क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग), ग्रामचं आयोडीन, स्पिरिट आणि सॅफ्रानिन (गुलाबी रंग) तिथूनच घ्या. हातमोजे घाला, जांभळा रंग बोटाला लागला तर दोन-तीन दिवस जात नाही.

नमुना घेताना घाई नको. दही आज लागलेलंच घ्या, कारण जुन्या आंबट दह्यातले जिवाणू रंग धरून ठेवत नाहीत आणि पॉझिटिव्ह असूनही गुलाबी दिसतात मंग सगळाच घोळ होतो. सोयाबीन फुलावर आलं की एक झाड काढा, पण ओढू नका, ओढलं तर मुळावरच्या गाठी मातीतच तुटून राहतात, खुरप्यानं उकरून काढा. गाठ धुऊन कापा, आतून लालसर-गुलाबी असली तर चालू गाठ, तिच्यात रायझोबियम, म्हणजे हवेतला नायट्रोजन झाडाला देणारा जिवाणू, कामाला लागलेला आहे.

आता स्लाइड. थेंबभर पाण्यात टाचणीच्या टोकाएवढं दही कालवून पातळ पसरवा (जाड झालं तर काहीच दिसत नाही, सगळ्यात जास्त चुका इथंच होतात), दुसऱ्या स्लाइडवर गाठ चिरडून तिचा रस तसाच पसरवा. वाळू द्या, मंग लेप वर ठेवून स्लाइड दिव्याच्या ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा आणि दिवा विझवा, पुढं स्पिरिट वापरायचं आहे.

क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, पाणी. आयोडीन १ मिनिट, पाणी. मंग स्लाइड तिरपी धरून थेंब थेंब स्पिरिट, फक्त १०-१५ सेकंद, उतरणारं पाणी साफ दिसायला लागलं की लगेच धुवा, इथं जरा जास्त वेळ झाला की पॉझिटिव्हचा रंग पण उतरतो. शेवटी सॅफ्रानिन अर्धा-एक मिनिट, धुवा, वाळवा, तेलाचा थेंब, पाहा.

दह्यात जांभळ्या गोलांच्या माळा आणि जांभळ्या काड्या दिसतील, हे ग्राम पॉझिटिव्ह. गाठीत गुलाबी काड्या, हे ग्राम निगेटिव्ह. आता काहून असं, तर भिंतीमुळं. दह्यातल्या जिवाणूची भिंत पेप्टिडोग्लायकनची (साखर अन् अमिनो आम्लांची जाळी), जाड मातीच्या भिंतीसारखी, रंग आणि आयोडीन मिळून आत मोठे कण बनतात, स्पिरिटनं भिंत आवळते अन् ते आतच अडकतात. रायझोबियमची भिंत म्हणजे तुऱ्हाटीचा पातळ कूड आणि त्याच्यावर बाहेरून स्निग्ध आवरणाचं लिंपण, स्पिरिटनं लिंपण विरघळलं की रंग कुडातून वाहून जातो, मंग सॅफ्रानिनचा गुलाबी चढतो. हान्स ख्रिश्चन ग्रामनं १८८४ मध्ये ही पद्धत सांगितली, आजही लॅबमध्ये ओळखीची सुरुवात इथूनच होते.

वहीत दोन गोष्टी लिहा, रंग आणि आकार. गोल तो कॉकस, काडी ती बॅसिलस, स्वल्पविरामासारखा वाकडा व्हिब्रिओ, पिळदार स्पायरिलम. दह्यात जरा मोठा अंडाकृती जांभळा दाणा आणि त्याला कोंब फुटलेला दिसला तर ते यीस्ट आहे, जिवाणू नाही. एवढ्यावर जात सांगू नका मात्र. आकार सारखा म्हणून नातं असतंच असं नाही, १९७७ मध्ये कार्ल वूज यांनी रायबोसोममधल्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणांमधल्या) आरएनएची तुलना करून दाखवलं की जिवाणूंसारखे दिसणारे काही जीव वेगळ्याच शाखेचे आहेत, त्यांना आता आर्किया म्हणतात.

केंद्रक शोधत बसू नका, जिवाणूला ते नसतं, डीएनएचं गोल वेटोळं पेशीतच मोकळं असतं, त्याच्याभोवती पडदा नाही. रायबोसोम या मायक्रोस्कोपवर दिसणार नाहीत, कशाभिका म्हणजे पोहायची शेपटी ती पण या रंगात दिसत नाही. फरक पाहायचाच असेल तर कांद्याचा पापुद्रा आयोडीन लावून १० एक्सवर ठेवा, केंद्रक ठळक दिसतं.

उठण्याआधी ऑइल लेन्स लेन्स पेपरनं पुसा, तेल वाळलं तर पुढच्याला धूसर दिसतं.