गाडी ८० च्या पुढे जाईना? या चुका टाळा

नाशिकमध्ये द्वारका ते सीबीएस या गर्दीत गाडीचं दुखणं कळत नाही, कारण ४० च्या वर जायची वेळच येत नाही. इगतपुरीला समृद्धीवर चढलात किंवा मुंबईहून येताना कसारा घाट लागला, की ते उघडं पडतं. मग लोक गॅरेजला जाऊन सांगतात, "पिकअप नाही," आणि प्लग, फिल्टर, इंजेक्टर क्लीनिंग असं एकामागून एक बिल सुरू होतं.

सगळ्यात महाग चूक हीच: काटे न बघता पार्ट बदलणं. मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि शेजारी बसलेल्याला वेगाचा आणि आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) असे दोन्ही काटे बघायला सांगा. आरपीएम झपकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. इंजिनला हात लावायचं कारण नाही. दोन्ही काटे रेंगाळले, तर इंजिनला हवा किंवा इंधन कमी पडतंय, नाहीतर धूर बाहेर पडायला वाट नाही. आरपीएम दर वेळी ३००० च्या आसपास अडत असेल, तर गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच ताकद कमी केली असण्याची शक्यता मोठी.

अशा वेळी चेक इंजिनचा दिवा बहुतेकदा लागलेला असतो, आणि तो नुसता पुसून टाकायला सांगतात! स्कॅनर लावलाच आहे तर आधी फॉल्ट कोड लिहून घ्या. बीएस-६ डिझेल गाडी रोज सातपूर-अंबड एवढीच फिरत असेल, तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचते. ती जाळायला लागणारी सलग धाव तिला मिळतच नाही. टर्बोचा रबरी पाईप फाटला तरी गाडी अशीच दमते. फाटलेल्या जागी तेलाचा ओशटपणा दिसतो, टॉर्च घेऊन बघा.

ब्रेककडे तर कुणी बघतच नाही. पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकतात आणि पॅड डिस्कला घासत राहतात. पाच-सात किलोमीटर चालवून थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या, टेकवू मात्र नका. एकच चाक जास्त तापलेलं असेल, तर दोषी सापडला.

धुराच्या मार्गातला, विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला, तर तो काढून "पोकळ" करून घेऊ नका. तो बेकायदा उपाय आहे, आणि कन्व्हर्टर का तुंबला हे तसंच राहतं. इंजिन तेल खात असेल किंवा मिसफायर होत असेल, तर आधी ते थांबवा.

सीएनजी गाडी असेल, तर तोच चढ एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर चढवा. गॅसवर ताकद थोडी कमी असतेच. पण फरक फार वाटला, तर गॅस फिल्टर, रेग्युलेटर आणि प्लग तपासा. गॅस पेटवायला जोरकस ठिणगी लागते. झिजलेला प्लग पेट्रोलवर खपून जातो, सीएनजीवर नाही.