इंटरनेट फोनचा सर्व्हर फायरवॉलमागे ठेवताना या चुका टाळा

घंटी वाजते, फोन उचलला जातो, आणि सियागंजच्या पेढीवरचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहतो. पलीकडच्याला सगळं ऐकू येतं, इकडे चिडीचूप. इंदुरात यावर ठरलेला इलाज म्हणजे "फायरवॉल बंद करून बघा". तो नको.

एसआयपी हा प्रोटोकॉल कॉल जुळवतो, सहसा 5060 पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर. आवाज मात्र आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने वेगळ्या यूडीपी (पोचेची वाट न बघता पाठवण्याची पद्धत) पोर्टांवरून जातो. अस्टरिस्क या फोन-सर्व्हर सॉफ्टवेअरच्या नमुना सेटिंगमध्ये 10000 ते 20000. ते उघडूनही आवाज येत नसेल तर स्नग्रेप या कॉलचे संदेश दाखवणाऱ्या साधनात कॉल उघडून 'सी=' ची ओळ, म्हणजे आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता, वाचा. सर्व्हरकडून गेलेल्या संदेशात तिथे 192.168 ने सुरू होणारा, फक्त आतल्या नेटवर्कात चालणारा पत्ता दिसला की चोर सापडला. बाहेरचा माणूस त्या पत्त्यावर आवाज पाठवणार कसा? पीजेसिपच्या (अस्टरिस्कचा एसआयपी भाग) ट्रान्सपोर्ट या जोडणीच्या सेटिंगमध्ये एक्स्टर्नल मीडिया आणि एक्स्टर्नल सिग्नलिंग, दोन्ही पत्त्यांत सार्वजनिक आयपी भरा.

याच जागी पुढची गफलत होते. लोकल नेटमध्ये, म्हणजे तिथल्याच आतल्या नेटवर्कांच्या नोंदीत, फक्त ऑफिसचं नेटवर्क लिहिलं जातं. सांवेर रोडच्या गोदामातले फोन व्हीपीएनवरून (इंटरनेटवरची खाजगी वाट) येत असतील तर तेही नेटवर्क तिथे हवं, नाहीतर त्यांनाही सार्वजनिक पत्ता जातो आणि गोदाम मुकं होतं. ट्रान्सपोर्टमधला बदल नुसत्या रीलोडने सहसा लागत नाही. दुकान बंद झाल्यावर अस्टरिस्क रीस्टार्ट करा.

कॉल साधारण 32 सेकंदांनी तुटतोय? उचलल्याची पोच, म्हणजे 'अ‍ॅक', सर्व्हरपर्यंत येत नाही. पुन्हा पत्ताच तपासा. राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे एसआयपी संदेशांतले पत्ते आपोआप बदलणारं सेटिंग, बंद ठेवा. मदतीच्या नावाखाली ते पत्ते बिघडवतं. काही वेळाने येणारे कॉल थांबत असतील तर फायरवॉल यूडीपीची वाट विसरतो, तेव्हा दर 30 सेकंदांनी क्वालिफाय, म्हणजे 'आहेस ना?' विचारणारा छोटा संदेश, पाठवा.

राउटरच्या वॅनवर (इंटरनेटकडची बाजू) 100.64 ते 100.127 मधला पत्ता असेल, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या सार्वजनिक पत्त्यामागे, आहात. पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून आलेलं आतल्या सर्व्हरकडे वळवण्याची) खटपट फुकट. स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मागा.

आणि 5060 सगळ्या जगाला उघडा ठेवू नका. स्कॅनर लगेच दार ठोठावतात, आणि एखादा पासवर्ड सापडला की रातोरात परदेशी कॉलचं बिल चढतं. फक्त ट्रंक (बाहेरच्या कॉलची लाइन) देणाऱ्याच्या आयपींना परवानगी द्या, बाहेरगावच्या माणसांना व्हीपीएन. एक्स्टेन्शन (आतला फोन नंबर) 101 चा पासवर्डही 101 असेल, तर बाकी सगळं राहू द्या, आधी तो बदला.