आलं-मधाचा घरगुती सोडा: या चुका टाळा, काचेची बाटली तर टाळाच

आमच्या इंदूरच्या मंडळींना मूळ नाद मीडचा, म्हणजे मध आंबवून केलेल्या वाइनचा. पण इथे 1915 चा आबकारी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरी दारू बनवता येत नाही, म्हणून आम्ही आलं-साखरेचं विरजण लावून मधाचा फसफसता सोडा करतो. काम यीस्टचंच, फक्त गॅस धरला की लगेच फ्रिजमध्ये टाकून पिऊन संपवायचं. थोडं अल्कोहोल तरी बनतंच, लांबवलं तर जास्त बनतं, तेव्हा पोरांना देऊ नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला तर मधच नको.

आता सगळ्यात मोठा गाढवपणा. काचेची बाटली. दर उन्हाळ्यात कोणीतरी नवा भिडू ती झाकणाला तार असलेली चौकोनी, दिसायला भारी बाटली आणतो आणि म्हणतो, यार फोटो छान येतो. अरे बाबा, ती शोभेची आहे, प्रेशरची नाही! शॅम्पेनवाले बाटलीत लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर घालतात आणि तेवढ्यावर आत 5-6 अ‍ॅटमॉस्फियर प्रेशर बनतं, कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त, म्हणून त्यांची काच तेवढी जाड. आपल्या सोड्यात लिटरला 80 ग्रॅम गोड सहज असतं. झाकण लावून गरमीत विसरलात की हिशोब तुम्हीच करा.

आमच्या एका मित्राने नेमकं हेच केलं. रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, पाहून सगळे त्याच्याकडे येणार होते, म्हणून पठ्ठ्याने आदल्या दिवशी बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या, घट्ट बंद केल्या आणि गॅलरीत उन्हात ठेवल्या, का तर "लवकर गॅस धरेल". मी फोनवर सांगितलं होतं की प्लास्टिकमध्ये भर, फ्रिजमध्ये टाक. नाही ऐकलं. दुपारी एक बाटली फुटली, तिच्या धक्क्याने शेजारची गेली, काच कूलरच्या खसमध्ये घुसलेली, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू सिलेंडर फुटला समजून जिन्यात येऊन ओरडत होत्या. त्या वेळी गॅलरीत कोणी नव्हतं एवढंच नशीब. उरलेल्या बाटल्यांना हात लावायची कोणाची हिंमत होईना, शेवटी हेल्मेट आणि जाड सतरंजी घेऊन एकेक बर्फाच्या टबात ठेवल्या.

माझी सवय साधी आहे. कोल्ड ड्रिंकच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या, वर चार बोटं जागा सोडून भरायच्या, दिवसातून दोनदा दाबून बघायच्या. दगडासारखी कडक झाली की थेट फ्रिजमध्ये. मे महिन्यात 42 डिग्रीला हे एका दिवसातही होतं, डिसेंबरात चार दिवस लागू शकतात, म्हणून "किती तास ठेवू" हा प्रश्न मला विचारूच नका, बाटलीला विचारा. आणि फ्रिजमध्ये यीस्ट मरत नाही, फक्त सुस्तावतं, तेव्हा आठवडाभर विसरायचं नाही. उघडायची ती पूर्ण गार झाल्यावर, झाकण हळूहळू ढिलं करत. गरम उघडली तर छत धुऊन निघेल.

दुसरी चूक, घाई. विरजणाला दुसऱ्या दिवशी बुडबुडे नाही आले की लगेच बेकरीचं यीस्ट टाकणारे लोक. बुडबुडे येतात हो, पण चव पावाची येते. मला असले शॉर्टकट आवडत नाहीत, एवढी घाई असेल तर दुकानातून सोडा आणा ना भिया. दोन कप पाण्यात रोज एक चमचा किसलेलं आलं आणि एक चमचा साखर, वर कापड बांधायचं, बस. आलं सालीसकट किसा, यीस्ट सालीवरच असतं, आणि सोलून पाकिटात मिळणाऱ्यापेक्षा चोइथराम मंडीतलं मातीचं आलं धुऊन घ्या. विरजणाला मध घालू नका, साखरच घाला. मध सोड्यात.

नळाचं नर्मदेचं पाणी थेट नको, क्लोरीन असतं. उकळून गार करा.

सोड्यासाठी केलेल्या आलं-मधाच्या उकळत्या काढ्यात विरजण ओतलंत तर यीस्ट मेलं. बोट बुडवून सोसेल इतपत कोमट होऊ द्या.

तांब्या-पितळेची, अ‍ॅल्युमिनियमची भांडी नको, आंबट पदार्थ आहे. स्टील चालतं.

तळाशी पांढरा गाळ दिसला की घाबरून फोन करू नका, ते यीस्ट आहे. पण वर केसाळ, हिरवी-काळी बुरशी आली तर चमच्याने काढून पुढे चालू ठेवायचा कंजूषपणा नको. सगळं ओता, बरणी उकळत्या पाण्याने धुवा आणि नवीन आलं किसायला घ्या.