मुलांना किडे दाखवताना या चुका टाळा

चोपडा तालुक्यात चार ते सात वर्षांच्या मुलांना बांधावर नेऊन किडे दाखवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. या काळात मुलांच्या हातून फारशा चुका झालेल्या मला आठवत नाहीत. मोठ्यांच्या चुका मात्र दर पावसाळ्यात त्याच त्या दिसतात आणि बहुतेकींच्या मुळाशी घाई असते.

सर्वांत वाईट चूक म्हणजे फुलपाखराला कोशातून ‘बाहेर यायला मदत’ करणे. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ वाहतात, त्याच रुईवर काळ्या, पिवळ्या व पांढऱ्या पट्ट्यांची अळी आपल्याकडे सहज सापडते. एका ऑगस्टमध्ये आम्ही तिचा कोश वर्गात टांगला होता. नवव्या दिवशी सकाळी हिरवे कवच काचेसारखे पारदर्शक झाले, आतले नारिंगी पंख व त्यांवरचे पांढरे ठिपके दिसू लागले आणि मुले श्वास रोखून बसली. दोन तास काहीच घडले नाही, तेव्हा सोबतच्या एका ताईंनी मुलांची निराशा होऊ नये म्हणून टाचणीने कवच सोलले. फुलपाखरू खाली पडले. त्याचे पोट फुगलेले होते आणि पंख नखाएवढे, ओले व दुमडलेले होते; ते शेवटपर्यंत उलगडले नाहीत. एक मुलगी दोन दिवस कापसाच्या बोळ्याने त्याला साखरपाणी देत होती, आणि ते का उडत नाही या तिच्या प्रश्नाला त्या ताईंना उत्तर देता आले नाही.

कोशातून बाहेर पडलेले फुलपाखरू रिकाम्या कवचाला धरून लोंबकळते, पोटातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलते आणि मग तास-दोन तासांत पंख ताठ होतात. वेळेआधी सोलले की हा क्रमच मोडतो. म्हणून मी कोशाखाली हातभर जागा मोकळी ठेवते, जमिनीवर खडूने रेघ ओढते आणि मोठ्यांनाही तिच्या अलीकडेच बसवते. लालसर थेंब गळेल, ते रक्त नसते, हे मुलांना आधीच सांगून ठेवते.

दुसरी चूक म्हणजे झाकणाला चार भोके पाडलेली प्लास्टिकची बरणी. आत घाम धरतो, लेंड्यांवर बुरशी येते आणि अळी काळी पडून मरते. उन्हात राहिलेली बरणी तर त्याहून लवकर जीव घेते. तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधावा, रोज ताजे पान द्यावे, लेंड्या झटकाव्यात आणि एका बरणीत एकच अळी ठेवावी. पाने मोठ्यांनीच तोडावीत, कारण रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

मृगाचा मखमली लाल किडा काडेपेटीत भरून आणणे आणि त्याला कीटक म्हणून शिकवणे या दोन्ही चुका एकदमच होतात. तो तळहातावर घेऊन मुलांना पाय मोजायला लावावेत. पाय आठ भरतात, म्हणजे तो कीटक नसून कोळ्याच्या नात्यातला आहे, हे मुले स्वतःच शोधून काढतात.

फवारणी झालेल्या कपाशीत मुलांना अजिबात नेऊ नये. केसाळ अळीला आणि मूग-उडदाच्या फुलांवरच्या काळ्या-नारिंगी पट्ट्यांच्या भुंगेऱ्याला हात लावू देऊ नये, कारण पहिलीने खाज सुटते व दुसऱ्याने फोड येतात.

किडा दिसताच नाव सांगून मोकळे होण्याची सवयही मला पटत नाही. नाव कळले की मूल पाहणे थांबवते. कपाशीच्या पानावरचा ढालकिडा मावा, म्हणजे पानाचा रस शोषणारे बारीक किडे, कसा खातो, हे आधी पाच मिनिटे पाहू द्यावे. नाव नंतर सांगता येते.

फुलपाखरू संध्याकाळी बाहेर आले, तर मुलांनी कितीही हट्ट धरला तरी ते रात्री सोडू नये. सकाळी ऊन वर आल्यावर, अळी जिथून आणली त्याच रुईपाशी न्यावे आणि ते आपणहून उडेपर्यंत थांबावे.