जुन्या धाटणीचे म्यान कसे बांधावे

साताऱ्यात ज्या घरांत वडिलोपार्जित तलवार आहे, तेथेही तिचे मूळ म्यान क्वचितच पाहायला मिळते; पाते पिढ्यान्‌पिढ्या टिकते, लाकूड आणि कातडे मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात कुजते. म्यानाची अंतर्रचना समजून घ्यायची, तर उत्तर युरोपातील उत्खनने उपयोगी पडतात. इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन (आरंभीच्या मध्ययुगातील) थडग्यांत पात्यांवर चढलेल्या गंजातच लाकडाचे तंतू आणि लोकरीचे केस टिकून राहिले, आणि त्यांवरून दोन पातळ फळ्या, आत लोकरीचे अस्तर व बाहेर कातडे ही रचना अभ्यासकांना वाचता आली.

लाकूड शिवण या झाडाचे घ्यावे, कारण ते हलके असते, कोरायला सोपे जाते आणि सहसा वाकत नाही. खैर किंवा बाभूळ कितीही मजबूत असली तरी घेऊ नये. त्यांतील टॅनिन हे तुरट द्रव्य पोलादाला गंजवते. पात्याची बाह्यरेषा दोन्ही फळ्यांवर आखून गोल पटाशीने पोकळी कोरावी आणि अस्तराची जाडी धरून थोडी जास्त जागा ठेवावी. मग पात्याला काजळी फासून ते फळ्यांमध्ये दाबावे: जेथे काळा डाग उठतो, तेथे लाकूड अजून तासायचे आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण म्यानाचा सगळा जीव त्यातच आहे.

अस्तरासाठी मेंढीचे बारीक कातरलेले लोकरीचे कातडे लावताना केसांची टोके म्यानाच्या टोकाकडे वळलेली असावीत, म्हणजे तलवार अलगद आत सरकते. दोन्ही फळ्या जोडताना सरस फक्त कडांना, तोही बेताने लावावा. माझ्या पहिल्या म्यानात तो आत ओघळला आणि पाते सोडवण्यासाठी म्यानच फोडावे लागले.

सजावट कातडे चढवण्याआधीच सुरू होते. लाकडावर जाड दोरा हव्या त्या नक्षीत चिकटवावा, त्यावर ओले बकऱ्याचे कातडे ताणून मागच्या बाजूने शिवावे आणि दोऱ्याच्या दोन्ही अंगांनी हाडाच्या बोथट पट्टीने दाबत जावे. वाळल्यावर नक्षी उठून दिसते. मराठा धाटणीच हवी असेल तर कातड्याऐवजी मखमल वापरून तोंडाशी मोहनाळ आणि टोकाला तहनाळ ही धातूची टोपणे बसवावीत.

खंडेनवमीला पात्यावर वाहिलेले हळदकुंकू पुसल्याशिवाय तलवार म्यानात घालू नये, आणि पावसाळ्याचे चार महिने ती तेलाचा हात फिरवून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून म्यानाबाहेरच ठेवावी.