जवळचं अन्न कसं निवडावं? पिशवीपासून सुरुवात

एकादशीची साबुदाणा खिचडी एकदा नीट पाहा. साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमकडचा, म्हणजे पुण्यापर्यंत हजारेक किलोमीटर. बटाटा आग्र्याचा नाहीतर इंदूरचा, दाणे बहुधा गुजरातचे. आणि वंशावळच काढायची तर साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे चौघेही अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. आपला सगळ्यात सोवळ्यातला पदार्थ सगळ्यात जास्त फिरलेला! तेव्हा 'फक्त आपल्या मातीतलं खाईन' अशी शपथ घेऊ नका, आठवडाभरात मोडेल. त्यापेक्षा असं करा. उदाहरणं पुण्याची आहेत, तुमच्या गावची तुम्ही घाला.

१. आठवडाभर नुसतं विचारा

काहीही न बदलता आठ दिवस प्रत्येक जिन्नस घेताना विचारायचं, "मावशी, माल कुठला?" भाजीवाले सहसा खरं सांगतात, कारण पहाटे मार्केट यार्डात त्यांनीही तोच प्रश्न विचारलेला असतो. टोमॅटो नारायणगावचा, बटाटा आग्र्याचा, गहू मध्य प्रदेशातला, अशी यादी फ्रिजवर चिकटवा. सफरचंदावरचा स्टिकर वाचा, त्यावर बहुधा देशाचं नाव असतं. पाकिटावर मात्र फसायला होतं. जिथे पॅक केलं त्याच गावात माल पिकला असेल असं नाही. पुण्याचा पत्ता छापलेल्या तूरडाळीतली तूर मोझांबिकची किंवा म्यानमारचीही असू शकते. मसूर तर बऱ्याचदा कॅनडा-ऑस्ट्रेलियाची असते.

२. यादीचे तीन वाटे करा

नासणारं, टिकणारं आणि दुरूनच येणारं. तिसऱ्या वाट्यात चहा, वेलदोडे, मिरी वगैरे. त्यांचा विचार सोडून द्या. मसाल्याचा व्यापार शतकानुशतकं लांबूनच चालत आलाय.

३. नासणारं जवळचं घ्या

खरा फरक इथे पडतो. पालेभाजी खुडल्यापासूनच उतरायला लागते. चव जाते, 'क' जीवनसत्त्व तर फारच भरभर. मेथीची जुडी उलटी धरून देठांची टोकं बघा. टोक ओलं आणि हिरवं असेल, मुळांना माती असेल, तर भाजी आदल्या संध्याकाळची किंवा आजची. टोक तपकिरी आणि पानांवर पाणी मारलेलं असेल, तर पुढच्या गाड्यावर जा.

राज्यात २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, म्हणजे शेतकऱ्याला तो समितीबाहेर थेट विकता येऊ लागला, आणि संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारही सुरू झाले. तिथे शेतकरी आणि व्यापारी शेजारी शेजारी बसलेले दिसतात. ओळखायची खूण सोपी आहे. ज्याच्यापुढे ब्रोकोलीपासून सफरचंदापर्यंत सगळं मांडलंय, तो माल विकत आणून विकतो. ज्याच्याकडे दोन प्रकारची वांगी, गवार आणि थोडी कोथिंबीर एवढंच आहे, त्याच्याकडे थांबा.

जवळचं म्हणजे चांगलंच, असं मात्र नाही. सांडपाण्याच्या नाल्याकाठी वाढलेला पालक घरापासून दोन किलोमीटरवरचा असला तरी मी घेत नाही. 'पाणी कुठलं?' हेही विचारायला लाजू नका.

४. हंगाम पाठ करा

पावसाळ्यात पुरंदरचा वाटाणा येतो, थंडीत जबलपूरचे ट्रक. सातगाव पठारावरचा बटाटा साधारण सप्टेंबरात निघतो, तेव्हा आग्र्याला महिनाभर सुट्टी द्या. टाकळा, कर्टुली, भारंगी पावसाळ्यातच मिळणार. तेव्हा चुकवलीत तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा.

५. टिकणारं वर्षातून एकदा भरा

आज्यांची ही सवय फ्लॅटमध्येही जमते. नवी तूर संक्रांतीच्या सुमाराला बाजारात येते. मराठवाड्यातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा लातूरकडच्या डाळमिलची दहा-वीस किलो डाळ घ्या, एरंडेल चोळून डब्यात भरा. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणि उन्हाळी कांदा हेही असंच. कांद्याला जाळीची टोपली आणि वारा हवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलात तर पंधरा दिवसांत वास येईल. एकट्याला एवढं जड जात असेल तर चार घरं मिळून एक पोतं घ्या.

६. नुसते किलोमीटर मोजू नका

'जवळचं म्हणजे पर्यावरणाला हलकं' हे अर्धवट खरं आहे. अमेरिकेतल्या अन्नाबद्दल २००८ साली झालेल्या एका अभ्यासात हरितवायूंपैकी सुमारे ११ टक्केच वाहतुकीचे निघाले, बाकी बहुतेक शेतीतलेच. प्रवास कशानं झाला हेही महत्त्वाचं. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला विमान जहाजाच्या साधारण पन्नासपट कार्बन सोडतं. म्हणून जहाजानं आलेल्या मसुरीनं मला अपराधी वाटत नाही. पण नोव्हेंबरात वाशीला मलावीचा हापूस येतो, तो मी टाळते. जात आपली असली तरी तो आफ्रिकेतून विमानानं येतो, आणि पाडव्यापर्यंत कळ काढायची माझी तयारी आहे.

७. एकेक जिन्नस बदला

एका महिन्यात एकच. आम्ही खिचडीपासून सुरुवात केली. दर दोन एकादशींपैकी एकीला भगर, म्हणजे वरई, आणि रताळं. वरई इगतपुरी-अकोले भागातल्या डोंगरउतारांवर पिकते. मुलांनी पहिल्यांदा तोंडं वाकडी केली, दाण्याची आमटी ओतल्यावर गप्प जेवली.

आणि रिकाम्या हाती परतायचीही तयारी ठेवा. आमची मेथीवाली मावशी कधी कधी हात हलवत सांगते, "आज नाही गं ताई, पावसानं झोपली सगळी." त्या दिवशी आमच्याकडे पिठलं असतं.