तेलकट माती आणि जिवाणू : पहिला प्रयोग मांडताना

तेल सांडलेली माती जिवाणूंकडून साफ करून घेण्याच्या कामात नवीन आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणते जिवाणू टाकायचे? बहुतेक वेळा कोणतेच नाही. डिझेल सांडून काही महिने झालेल्या मातीत ते खाणारे जिवाणू आधीच असतात. त्यांचं अडतं ते नत्र, स्फुरद आणि हवेवाचून. १९८९ साली अलास्कात एक्सॉन वाल्डेझ या तेलवाहू जहाजाचं तेल किनाऱ्याला लागलं, तेव्हाही जैविक उपचाराचा मुख्य भर खतावरच होता.

खताचा हिशेब कार्बन, नत्र, स्फुरद १००:१०:१ असा धरतात. किलोभर मातीत १० ग्रॅम तेल असेल तर कार्बन साधारण ८.५ ग्रॅम, म्हणजे नत्र ०.८५ आणि स्फुरद ०.०८५ ग्रॅम. डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) ०.४ ग्रॅम आणि युरिया १.७ ग्रॅम घेतला की भागतं. पण एकदम टाकू नका. मातीतल्या थोड्याशा पाण्यात एवढं खत विरघळलं की क्षार वाढतात, युरियाचा अमोनिया होऊन सामू (पीएच) चढतो आणि जिवाणू थंडावतात. दोन-दोन आठवड्यांनी, चार हप्त्यांत द्या.

ओलावा जलधारण क्षमतेच्या, म्हणजे माती जास्तीत जास्त जेवढं पाणी धरून ठेवते त्याच्या, ५० ते ६० टक्के ठेवा. मूठभर माती आवळली की गोळा वळावा आणि बोटाने टोचताच फुटावा. बोटांच्या फटीतून पाणी आलं तर हवेची वाट बंद झाली समजा. एक ग्रॅम तेल पूर्ण जळायला तीनेक ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे या किलोभर मातीलाच शंभर लिटरच्या वर हवा हवी. म्हणून मातीच्या बरणीचं झाकण घट्ट लावायचं नाही आणि आठवड्यातून दोनदा माती खालवर करायची.

खरी फसगत नियंत्रण बरणीत, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या जिवाणू नसलेल्या बरणीत, कसर राहिली की होते. डिझेलचा हलका भाग नुसता उडून जातो आणि ती घट जिवाणूंच्या नावावर जमा होते. निदान तीन बरण्या निर्जंतुक मातीच्या ठेवा, त्यांनाही तेवढंच खत, तेवढंच पाणी द्या आणि तेवढंच हलवा. माती ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) एकदाच करून पुरत नाही, बीजाणू, म्हणजे जिवाणूंची उष्णतेला टिकणारी सुप्त रूपं, उरतात. सलग तीन दिवस करा.

सुरुवातीला तेल भराभर उतरतं, मग आलेख सपाट होतो. उरलेले जड घटक चिकणमातीच्या बारीक छिद्रांत अडकलेले असतात, जिवाणू तिथवर पोचत नाहीत. तिथे आणखी खत घालून उपयोग नाही.